सुदेश खाली बसला

साईनाथ बाहेर आला नाही, ते तर साऱ्या ठाण्यानं पाहिलं. पण संघाचा कोच सुधीर कर्णिकच्या डोक्यात शनिवारपासून जो भुंगा लागला होता तो वेगळाच होता. सुदेश खाली बसला. सामन्याची तीन मिनिटं उरली होती, संघ चार गुणांनी मागे होता, आणि साईनाथ भोईर, जो संघाचा कप्तान नव्हता पण बाकी सगळं होता, तो डिफेन्सला मागे यायचं सोडून समोरच्या बास्केटखाली कमरेवर हात ठेवून उभा राहत होता. एकदा नव्हे, तीनदा. सुधीरनं सुदेशच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "जा, साईला बाहेर पाठव." सुदेश स्कोअररच्या टेबलापाशी गेला, हॉर्न वाजला, पंचानं हात करून त्याला आत बोलावलं. आणि साईनाथनं बेंचकडे न बघताच पंजा हलवला, दारावर आलेल्या फेरीवाल्याला हलवतात तसा, आणि म्हणाला, "बस रे." एवढंच. एकतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, बारा वर्षं सुधीरच्या हाताखाली घाम गाळलेला सुदेश वळला आणि खाली बसला. सुधीरकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. टॉवेल मांडीवर घेतला आणि बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. पुढच्या तीन मिनिटांत साईनाथनं अकरा गुण केले आणि सलग सात सामने हरलेला संघ जिंकला. लोक कोर्टात घुसले, ढोल वाजले, साईनाथला उचलून घेतलं. कुणीतरी येऊन सुधीरलाही मिठी मारली आणि म्हणाला, "सर, काय डोकं लावलंत, त्याला आतच ठेवलात!" आता ह्यावर माणसानं काय बोलावं? सुधीर "थँक यू" म्हणाला. त्या थँक यूची त्याला नंतर घरी पोचेपर्यंत लाज वाटत राहिली.

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या घरी उत्तरा मोड आलेले वाल सोलत बसली होती. सुधीर तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि मूठभर वाल पुढ्यात ओढून सोलू लागला. चौतीस वर्षांच्या संसारात नवरा आपण होऊन वाल सोलायला बसला की काहीतरी बिनसलंय, एवढं तिला कळत होतं. तिनं विचारलं नाही. बोटांतून दाणा सटकत होता, सालं कागदावर पडत होती, आणि सुधीरच्या डोळ्यांसमोर सुदेश पुन्हा पुन्हा खाली बसत होता. साईचं तो समजू शकत होता. माजलाय, माजू दे; माज उतरवता येतो. बँकेच्या संघात असताना आणि पुढे कोच झाल्यावर त्यानं भल्याभल्यांचे माज उतरवले होते. पण सुदेश कुठे माजलेला होता? सरळ, भित्रा, "हो सर" म्हणणारा प्राणी. त्याच्यासमोर दोन माणसं होती, दोन हुकूम होते आणि विचाराला अर्धा सेकंद होता. त्या अर्ध्या सेकंदात त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. साहेब कोण, ते. "त्याला बसवणार आहे मी," सुधीर एकदम म्हणाला. उत्तरानं मान वर केली नाही. "कुणाला? सुदेशला?" "सुदेशला कशाला? साईला. बुधवारी." "बुधवारचा सामना शेवटचा ना?" ती म्हणाली, "हरलात तर संघच लीगबाहेर जाणार, असं तूच सांगत होतास." "हो." "मग?" "मग काय? उद्या ह्यानं पंजा हलवून मला खाली बसवलं तर?" उत्तरानं सोललेले वाल परातीत टाकले आणि म्हणाली, "सुधीर, तुला जिंकायचंय की त्याला हरवायचंय, तेवढं आधी ठरव." बायकोला इतकं नेमकं बोलता येऊ नये, असं त्याला फार वर्षांपासून वाटत आलं होतं.

ह्याला मी घडवला, हे वाक्य सुधीरनं सत्कारांत, शाळांच्या बक्षीस समारंभांत, रिक्षात शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा इतक्यांदा ऐकवलं होतं, की साईनाथ ते सुरू होण्याआधीच पाणी प्यायला उठायचा. पण खोटं थोडंच होतं ते? चौदा वर्षांपूर्वी बँकेच्या लोकांबरोबर खडवलीला नदीवर सहल गेली होती. जेवणं उरकत आली होती, सुधीर सिगरेट ओढायला रस्त्यापर्यंत आला, तर तिथे वीटभट्टीवर ट्रक भरत होते. खालून एक बाप्या दोन-दोन विटा वर फेकत होता आणि ट्रकवर एक तेरा वर्षांचं हडकुळं, ताडमाड पोरगं त्या झेलत होतं. सुधीरनं आधी कान टवकारले, मग डोळे. विटांचा आवाजच होत नव्हता. वीट हातात पडते तेव्हा थाडकन वाजते. ह्या पोराच्या हातात ती आली की गप्प होत होती. सुधीर सिगरेट विसरला. पोराचा बाप, विठ्ठल भोईर, त्याच ट्रकचा ड्रायव्हर होता, त्याला सुधीर म्हणाला, "ह्याला माझ्याकडे पाठवा." विठ्ठल म्हणाला, "पोट भरंल ना?" भरलं. चार वर्षं भरलं. उत्तराच्या हातच्या पोळ्या, डोंबिवलीची शाळा, पहाटे साडेपाचला मैदान. पोरगं हॉलमध्ये झोपायचं आणि त्याचे पाय गादीबाहेर टीव्हीच्या टेबलापर्यंत जायचे. सुधीरनं त्याला पहिला नियम शिकवला तो हा, की खेळताना बेंचकडे बघायचं नाही. बघितलंस की बाहेर. जो पोरगा दर चुकीनंतर कोचचं तोंड बघतो तो चेंडू बघत नाही. साई दोन महिन्यांत शिकला. शनिवारी पंजा हलवताना त्यानं बेंचकडे बघितलं नव्हतं, हे सुधीरला आता वाल सोलताना आठवलं आणि त्याला स्वतःच्याच शिकवण्याचा संताप आला. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ती अशी.

आणि हे शनिवारी थोडंच सुरू झालं? खंडेनवमीलाच झालं होतं. सुधीरच्या संघात, मग तो बँकेचा असो, कॉलेजचा असो की आताचा हा पैसेवाल्यांचा, खंडेनवमीला चेंडू पुजायची रीत होती. सगळे चेंडू धुवून पुसून पाटावर मांडायचे, पंप आणि शिट्टीही ठेवायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि नारळ कोचनं फोडायचा. सुधीर देवाधर्मातला नव्हे. पण कामगार आपल्या यंत्राला फूल वाहतो तसं ते त्याला बरं वाटायचं, आणि तीस वर्षं तो नारळ त्यानं फोडला होता. ह्या वर्षी मालक आले होते, दौलतशेठ. कल्याणात जमिनी, घोडबंदरला टॉवर. संघाचं नाव त्यांनी 'खाडी टायगर्स' ठेवलं होतं. खाडीत वाघ कुठून आला हे त्यांनाच ठाऊक. सुधीरनं बाही सावरून हात पुढे केला, आणि दौलतशेठनी त्या हातावरून नारळ नेऊन साईनाथच्या हातात दिला. "आपला वाघ फोडंल." सगळे हसले, टाळ्या झाल्या. साईनं एका दणक्यात नारळ फोडला. पुढे केलेला हात मागे घेताना तो सुधीरनं उगाच केसांतून फिरवला. घरी आल्यावर मनाशी म्हणाला, श्या, नारळासाठी काय रुसायचं, आपण काय नवरीकडची माणसं आहोत? पण रुसला होता. आत कुठेतरी ते करपत होतं, आणि त्याच्या धुरात अजून एक घाणेरडा विचार होता, जो तो स्वतःपुढेही पूर्ण उच्चारत नसे: हे दोघं एकमेकांचे. गाव एक, भाषा एक, हळदीला एकमेकांकडे नाचणारे. आणि आपण? आपण शिकवायला ठेवलेले मास्तर. हा विचार आला की सुधीर स्वतःला सुसंस्कृत माणूस म्हणून दटावत असे, आणि दटावून झालं की तो विचार परत येत असे.

त्याच रविवारी दुपारी दौलतशेठचा फोन आला. कुणी कळवलं होतं कोण जाणे; बहुतेक सुधीरनं मॅनेजरला टाकलेला मेसेज फिरत फिरत गेला असावा. "सर, तुम्ही कोच, मी मधी पडणार नाय," ते म्हणाले आणि मधे पडले. "पोरगा चुकला. मी पण बोललो त्याला, सरांची इज्जत ठेव. पण बुधवारी पूर्ण बाहेर ठेवू नका. लोक त्याला बघायला येतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आपण काय करणार?" सुधीर म्हणाला, "मग पारध्यालाच कोच करा." मग दौलतशेठ हसले, मोठ्यानं, आणि म्हणाले, "असा राग नका करू सर. हाफ बसवा. पहिला हाफ. मी त्याला समजावतो, एक शब्द बोलणार नाय तो. पण हाफ म्हणजे हाफ, हां सर? तुमचा शब्द." "माझा शब्द," सुधीर म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला कळलं की आपल्या खेळाडूला शिक्षा करायची परवानगी आपण आत्ता मागून घेतली आहे, आणि तीसुद्धा घासाघीस करून.

सोमवारी सरावाआधी चेंजिंग रूममध्ये सगळे बसले असताना त्यानं उभ्यानंच सांगितलं, "बुधवारी पहिला हाफ साईनाथ बेंचवर बसेल. तिसऱ्या क्वार्टरला आत येईल. का, ते सगळ्यांना माहीत आहे." आणि सुधीरनं पाहिलं, अकरा जणांनी एकाच वेळी मान वळवली ती त्याच्याकडे नव्हे, साईनाथकडे. साई बुटाची नाडी बांधत होता. "हाफ ना?" तो म्हणाला. "ठीक." "ठीक आहे, सर, म्हण." "ठीक आहे, सर. एक हाफ. लिहून देताय का तोंडी?" दोघं-तिघं फिस्सकन हसले आणि गप्प झाले. सुधीरची कानशिलं तापली. "सगळे बाहेर व्हा," तो म्हणाला. पोरं बाहेर गेली. सुदेश दारात घुटमळला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण सुधीरनं त्याच्याकडे बघितलं नाही. हिशेब चुकता. मग खोलीत दोघंच उरले. साई उभा राहिला आणि सुधीरला मान वर करावी लागली. "तुम्हाला मला बसवायचाच होता," साई म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "मी जिंकवलेलं तुम्हाला झोंबलं." "तू माझा शब्द मोडलास." "मी मॅच काढली. बाहेर आलो असतो तर हरलो असतो, हे तुम्हाला पण माहितेय." सुधीरला माहीत होतं. "विषय मॅचचा नाही," तो म्हणाला. साई हसला. "तुमचा विषय कधी मॅचचा नसतोच, सर. मला एकदा तुमच्या दारात उभा केलेलात, आठवतंय? चप्पल हातात घेऊन. सगळी सोसायटी जिन्यानं वरखाली करत होती. उशीर झालेला म्हणून. माझी आई दवाखान्यात होती, मी खडवलीवरून आलेलो. मी सांगत होतो, तुम्ही ऐकून नाय घेतलं. बोललात, कारण नको, वेळ सांग." सुधीरला हे आठवत नव्हतं. अगदी काहीच आठवत नव्हतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर हातपाय न धुता तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "उत्तरा, मी कधी साईला दारात उभं केलं होतं?" तिनं गॅस बारीक केला. "सव्वादोन तास," ती म्हणाली. "मी दोनदा तुला म्हटलं, आत घे. तू म्हणालास, ह्यात पडू नकोस. मग मी त्याला पाणी नेऊन दिलं तर त्यानं घेतलं नाही." "चप्पल हातात?" "तूच दिली होतीस त्याच्या हातात." सुधीर पाटावर बसला. वास्तविक त्या क्षणी त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी वर आलं. चार वर्षं हे पोर माझ्या घरचं खात होतं, चौदा वर्षं दसऱ्याला सोनं देऊन पाया पडत होतं, आणि मनात हे धरून होतं? साप पाळला मी. अशी गंमत असते. आपण केलेला अन्याय समोर आला की आधी त्या माणसाचाच राग येतो. मंगळवारी दिवसभर सुधीरनं चार वेळा फोन हातात घेतला, साईचं नाव काढलं आणि फोन खाली ठेवला. चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे तर सुंभही अजून जळायचा होता.

बुधवारी चार वाजता सामना सुरू झाला. हॉल गच्च भरला होता. साईनाथचं नाव सुरुवातीच्या पाचांत नाही म्हटल्यावर वरून जी आरोळी उठली ती सुधीरच्या टाळूत बसली. "कर्णिक हटाव" असं कुणीतरी ओरडलं आणि ते लगेच ठेक्यात सुरू झालं. साई जॅकेट घालून बेंचच्या टोकाला बसला, मागे भिंत, पुढे लांबच लांब पाय. आणि मग एक अजब गोष्ट घडली. पोरं खेळली. साई नाही म्हणून चेंडू फिरू लागला, पाचही जण मागे येऊ लागले, सुदेशनं दोन चेंडू हिसकावले आणि एक असा पास दिला की सुधीर खुर्चीतून उठून ओरडला. हे तर त्याचं होतं, फळ्यावर महिनोन्‌महिने काढलेल्या रेघा चालू लागल्या होत्या! हाफ संपला तेव्हा संघ सात गुणांनी पुढे होता आणि हॉल गप्प होता. सुधीरला इतका आनंद झाला की त्याला भीती वाटली. ह्याच्याशिवाय. ह्याच्याशिवाय जमतं. साईनाथ उठला, जॅकेट काढलं, जागच्या जागी उड्या मारल्या, मनगटं फिरवली. तिसऱ्या क्वार्टरची वेळ झाली आणि सुधीरनं पाच नावं घेतली. तीच पाच. "लय लागलीय, मोडायची नाही," तो म्हणाला, कुणाकडेच न बघता. साई उभा होता. हातातलं जॅकेट त्यानं परत घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बसला. वर दौलतशेठ उभे राहिलेले सुधीरला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले. हे संघासाठी नाही, असं आतून कुणीतरी अगदी स्वच्छ म्हणालं, आणि सुधीरनं ते ऐकलं, आणि तरी त्यानं नावं बदलली नाहीत. त्याला अजून दहा मिनिटं हवी होती. चाळीस वर्षांनंतर दहा मिनिटं काय जास्त होतात?

ती दहा मिनिटं त्याला मिळाली, आणि वर आणखी पाच. मग पोरांचे पाय गेले. पाचच माणसं न बदलता किती पळणार? समोरच्यांनी ताजी माणसं घातली, सुदेशच्या पोटरीत गोळा आला, एक जण पाच फाऊल होऊन बाद झाला, आणि सात गुण कसे वितळले ते कळलंही नाही. दीड मिनिट राहिलं तेव्हा संघ तीन गुणांनी मागे होता. प्रत्येक वेळी चेंडू गेला की पोरं बेंचकडे बघत होती, आणि सुधीरला माहीत होतं की कुणाकडे. त्यानं शेवटचा टाइमआउट घेतला. पोरं धापा टाकत भोवती आली, सुदेश एका पायावर उभा राहून भिंतीला धरून होता. हरलो तर ह्या बाराही जणांचं पुढच्या वर्षी काय, हे त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. सुधीरनं फळा खाली ठेवला आणि बेंचच्या टोकाकडे गेला.

"साई, जा."

साईनाथ हलला नाही.

"ऐकू आलं नाही? सुदेशच्या जागी. जा आत."

"तुम्ही हाफ बोललेलात, सर."

"अरे, ते आपण नंतर—"

"हाफ बोललेलात. शेठना बोललात, पोरांसमोर बोललात. मी बसलो. तोंडातून ब्र नाय काढला. मग?"

सुधीरनं आवाज खाली आणला. "चुकलं माझं. साई, ह्या पोरांकडे बघ. सुदेशकडे बघ एकदा."

साईनाथनं सुदेशकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. मग त्यानं मान वर करून पहिल्यांदाच सरळ सुधीरच्या डोळ्यांत पाहिलं.

"सांगताय का विचारताय?"

उभ्या आयुष्यात सुधीर कर्णिकनं मैदानावर कुणाला काही विचारलं नव्हतं. त्यानं ओठ ओले केले. मागे पोरं ऐकत होती, हेही त्याला कळत होतं.

"विचारतोय," तो म्हणाला.

"मग नाय," साईनाथ म्हणाला आणि मान मागे भिंतीला टेकवून त्यानं डोळे मिटून घेतले.